खोली तिची, ओल सगळ्या घराची

"ताई, नमस्कार. आम्ही पावसच्या बाजूला राहतो. मुलगी 16 वर्षांची, अकरावी सायन्सला आहे, रोज एसटीने रत्नागिरीला जाते. दोन वर्षांपूर्वी पडवीचा अर्धा भाग बंद करून तिला खोली करून दिली, पण तिथे पाय ठेवायला जागा नसते. कपडे जमिनीवर, ओला टॉवेल गादीवर, वह्या, चार्जर, खाऊन ठेवलेल्या बशा सगळं एकत्र. बोललं की म्हणते आइनस्टाइनचं टेबल पण असंच होतं. गणपती तीन आठवड्यांवर आले. दीर-जाऊ आणि त्यांची दोन मुलं नालासोपाऱ्याहून येणार, गेल्या वर्षीही ती त्याच खोलीत झोपली होती. मागच्या रविवारी ही क्लासला गेल्यावर मी सगळी खोली उपसली आणि कचरा न्हाणीच्या चुलीत घातला. त्यात एक चपलांचा खोका होता, जुनी तिकिटं, चिठ्ठ्या, चॉकलेटचे कागद, मला कचराच वाटला. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीये. जेवते, जाते, येते, पण एक शब्द नाही. हे म्हणतात तूच लाडावून ठेवलीस. मोठा मुलगा 19 वर्षांचा, त्याचा काही त्रास नाही, त्याचं सगळं मीच आवरते. पण मुलीच्या जातीला हे शोभतं का? सासरी गेल्यावर काय करणार? मी काय करू?"

ताई, खोलीचं नंतर बोलू, आधी खोक्याचं. कारण खोली आज ना उद्या आवरेल, पण तो खोका आता राख झालाय आणि तुम्हालाही मनातून कळलंय की तो कचरा नव्हता, नाहीतर एवढ्या पत्रात त्याच्यात काय काय होतं ते तुम्ही लिहिलंच नसतं.

तुमच्या कपाटात खालच्या कप्प्यात, साड्यांच्या मागे, काय आहे ते आठवा बरं. मुलांच्या जावळाची पुडी असेल, वाळे असतील, माहेरून आलेलं एखादं पत्र असेल, कुणाच्या तरी लग्नातला फोटो ज्यात तुम्ही कोपऱ्यात अर्ध्याच दिसताय. उद्या तुमच्या सासूबाईंनी तुम्ही बाजाराला गेल्यावर तो कप्पा चुलीत रिकामा केला असता तर? तिचा तो खोका म्हणजे तो कप्पा. एसटीचं तिकीट आपल्याला कागद दिसतो, पण त्या दिवशी शेजारच्या सीटवर कोण बसलं होतं ते आपल्याला कुठे माहितीये.

तर पहिलं काम माफी. आणि इथे आपली एक गोची आहे, आपल्याकडे आईबाप मुलांची माफी मागतात ती भज्यांनी. म्हणजे चुकलं असं तोंडाने म्हणायचं नाही, फक्त संध्याकाळी कांदाभजी करायची आणि ताट पुढे सरकवून म्हणायचं, खा, गरम आहेत तोवर. माझ्या आईने आयुष्यभर हेच केलं, मीही बरीच वर्षं केलं. भजी जरूर करा, पण यावेळी तोंडाने पण बोला. "मी तुझा खोका न विचारता जाळला, ते चुकलं माझं." बस, एवढंच, पुढे "पण तू पण खोली" हे जोडायचं नाही, कारण "पण" आला की पोरं मागचं सगळं विसरतात आणि ते "पण"च लक्षात ठेवतात. ती लगेच गळ्यात पडेल असं नाही हं, कदाचित नुसती उठून जाईल. जाऊ दे. दोन दिवसांनी विचारा त्यात काय काय होतं, आणि ती सांगायला लागली तर मधे बोलू नका, हातातलं काम बाजूला ठेवून ऐका.

आता खोली. मला एक सांगा, तुम्हाला कधी स्वतःची खोली होती का? मला नव्हती. गुहागरकडचं आमचं घर, कौलारू, माणसं अकरा, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, वर माळा. रात्री माजघरात वाकळा अंथरायच्या, सकाळी गुंडाळून ठेवायच्या, पसारा करायला मुळात जागाच नव्हती. माझ्या मालकीची एक पत्र्याची ट्रंक होती कॉटखाली आणि तिलाही कुलूप नव्हतं, भाऊ हवं तेव्हा उघडून माझी पेनं न्यायचा. म्हणजे आपल्या पिढीला शिस्त होती बिस्त होती हे सगळं म्हणायला ठीक आहे, खरं म्हणजे सोय नव्हती. आणि म्हणूनच ही खोली नावाची भानगड आपल्याला हाताळता येत नाही असं माझं मत आहे, तिच्यात कुणाचं चालायचं, दार लावलं तर वाजवून आत जायचं का, आतलं कपाट कुणी उघडायचं, हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही. तुमची मुलगी तुमच्या घरातली बहुधा पहिली बाई आहे जिला स्वतःचं दार मिळालंय. ती ते कसं वापरायचं ते शिकतेय, आणि तुम्ही पण शिकताय.

बरं ते आइनस्टाइनचं. पोरगी खोटं बोलत नाहीये, तो फोटो खराच आहे, 18 एप्रिल 1955 ला ते गेले त्याच दिवशी प्रिन्स्टनमधल्या त्यांच्या ऑफिसात काढलेला, टेबलावर कागदांचा ढीग, मागे शेल्फात मासिकं कशीही कोंबलेली. तिला म्हणा, फोटो पुन्हा नीट बघ. कागद आहेत, पण ओला टॉवेल कुठे दिसतोय का, तीन दिवसांपूर्वीची पोह्यांची बशी दिसतेय का?

मी हे गमतीत नाही म्हणत, सगळं इथेच आहे. पसारा वेगळा आणि घाण वेगळी. वह्या पसरलेल्या, पुस्तकं उघडी, चार्जरची गुंतवळ, भिंतीवर चिकटवलेले कागद, खुर्चीवर कपड्यांचा डोंगर, हा पसारा, हा तिचा, त्याच्यावर तुम्ही डोळेझाक करायची. दार लोटून घ्यायचं, दिसणारच नाही. पण उष्टी बशी, ओला टॉवेल आणि जमिनीवरचे कपडे, ही तीन माझ्या मते तिची नाहीत, ती घराची आहेत, कारण त्यातून जे येतं ते तिच्या दारापाशी थांबत नाही. भांडायचं तर या तिघांसाठीच. दहा गोष्टींवरून रोज कटकट केली की अकरावी ऐकूच जात नाही, हे मी माझ्या मुलाकडून शिकलेय, तो तर "हो आई" म्हणायचा आणि कानातलं यंत्र काढायचा पण नाही.

ओलीचं तुम्हाला काय सांगायचं, रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, चिऱ्याची भिंत ते पाणी पिते आणि दिवाळीपर्यंत हळूहळू सोडत बसते. पट्ट्यावर, बॅगेवर, ठेवणीतल्या चपलांवर ती हिरवट-पांढरी पूड येते ना, तीच गादीत पण जाते, वरून दिसत नाही एवढंच. ओला टॉवेल रोज गादीवर म्हणजे बुरशीला रोज पाणी घालणं. कुबट वास, मग शिंका, मग सकाळी उठल्या उठल्या नाक बंद, आणि आपण म्हणतो हवा बदलली. हे तिला सायन्सच्या भाषेत सांगा, अकरावीत आहे, कळेल तिला, तुमच्याहून जास्त कळेल कदाचित.

आणि एक गंमत सांगते, रागावू नका. पावसाळ्यात खुर्चीवर पसरलेले कपडे तुम्ही अर्धवट दमट असतानाच घड्या करून कपाटात कोंबलेत ना रविवारी? मग कपाट उघडून एकदा वास घ्या. ऑगस्टमध्ये तिची खुर्ची तुमच्या कपाटापेक्षा शहाणी आहे. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर चार बोटं पुढे ओढा, पाऊस उघडेल तेव्हा दार सताड उघडं ठेवा, डांबरगोळ्यांनी वास झाकला जातो, ओल जात नाही.

जमिनीवरच्या कपड्यांचं मात्र मी मस्करीत घेणार नाही. माझा मुलगा नववीत होता, जीन्स तीन दिवस खाटेखाली तशीच पडलेली, दोन पायांचे दोन आठ झालेले, जशी काढली तशी. मी तणतणत उचलली, बादलीत टाकण्याआधी खिशात काही राहिलं का म्हणून उलटी करून झटकली आणि लादीवर टप्प असा आवाज आला. लाल विंचू, दोन पेरांएवढा, नांगी वर करून जागच्या जागी गोल फिरत होता. माझ्या हातातून जीन्स सुटली, चप्पल सापडेना, शेवटी पाट उचलून घातला त्याच्यावर. मुलगा दारात उभा, पांढराफटक. त्यानंतर मी त्याला कपडे उचल असं कधी म्हटलेलं मला आठवत नाही.

तुमच्याकडे पण हे सगळं आहेच. चिऱ्यांच्या सापटीत विंचू, बशीतल्या शेवेच्या वासाने उंदीर, उंदरामागे नाग नाहीतर धामण, आणि रात्री बिनआवाज फिरणारी मण्यार, जी जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि कित्येकदा चावल्याचं कळतसुद्धा नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून कितीतरी लोक वाचवले, 2022 ला त्यांना पद्मश्री मिळाली, हा उपाय येण्याआधी लाल विंचू डसला की लहान मुलांचं काही खरं नसायचं. आता औषध आहे, सापाच्या विषावरचं इंजेक्शन पण आहे, चावलं तर मांत्रिक-बिंत्रिक न करता सरळ दवाखाना. पण मुळात ढीगच जमिनीवर नको. ही भीती घालणं नाही, ही आपल्या कोकणात राहायची रीत आहे, आणि "मुलीच्या जातीला शोभतं का" पेक्षा "त्यात विंचू बसतो" हे कारण पोरांना पटतं, कारण ते खरं आहे.

मग करायचं काय, तर खुंट्या ठोका. खरंच. दाराच्या मागे आणि पलंगाच्या बाजूला मिळून सात-आठ, डोक्याएवढ्या उंचीवर. कपाट उघडायचं, हँगर शोधायचा, कपडा अडकवायचा, दार लावायचं ही चार कामं झाली, खुंटी हे एक काम आहे आणि संध्याकाळी क्लासवरून दमून आलेलं पोर एकच काम करतं. शिवाय एक झाकण नसलेला टब मळलेल्या कपड्यांना, तो भरला की धुवायला, टबात नसलेला कपडा तुम्ही धुवायचा नाही. बुधवारी ड्रेस नाही मिळाला तर नाही मिळाला, तुम्ही धावत जाऊन इस्त्री करायची नाही (इथेच बहुतेक आया हरतात, मी पण हरलेय). बशांचं सोपं, खोलीत सुकं खा, ओलं खायचं तर स्वयंपाकघरात.

आणि "खोली आवर" हे वाक्य बंद करा. ते एक काम नाहीये, ती चाळीस कामं आहेत, कुठून सुरू करायचं, काय ठेवायचं, काय टाकायचं, हे सगळं ठरवणारा मेंदूचा पुढचा भाग माणसाच्या विशीच्या मध्यापर्यंत तयार होत असतो, म्हणजे तुमच्या मुलीचा अजून निम्मा-अर्धा कच्चा आहे, आळस वेगळा आणि हे वेगळं. वर झोप. या वयात झोप रात्री उशिराच येते, शरीराचं घड्याळच पुढे सरकलेलं असतं, लागते मात्र आठ ते दहा तास. सकाळची एसटी पकडायची म्हणजे ती अर्ध्या झोपेत कपडे फेकत बाहेर पडत असणार. त्यामुळे सकाळी काही बोलूच नका. रविवारी दुपारी, जेवून, एखादा तास, आणि सांगताना एकच सांगा, आज फक्त कपडे. पुढच्या रविवारी फक्त टेबल.

त्या तासाला तुम्ही तिथेच बसा, पण हात लावू नका. श्रावण आहे, वाल भिजत घातलेले असतीलच, मोड आलेले वाल परातीत घेऊन तिच्या खोलीत उंबऱ्याजवळ बसा आणि बिरडं सोला. किलोभर वाल सोलायला तास सहज जातो. सूचना नाही, "ते बघ तिकडे राहिलं" नाही, नुसतं सोलायचं. मला हा शोध योगायोगाने लागला, लाईट गेली होती आणि उजेड फक्त मुलाच्या खिडकीत होता म्हणून मी तिथे जाऊन बसले. तो आपोआप आवरायला लागला. आणि मधेच, पाठमोरा असताना, मला त्याच्या वर्गातल्या एका मुलाबद्दल असं काही सांगून गेला जे तो ताटावर बसून जन्मात बोलला नसता. कारण काय माहीत नाही मला, बहुतेक समोरासमोर बसलं नाही की त्यांना सोपं जातं.

आता जरा कडू बोलते. पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय की मोठा 19 वर्षांचा आहे, त्याचा त्रास नाही, त्याचं मीच आवरते. ताई, म्हणजे त्याची खोली पण तशीच आहे, फक्त ती तुम्ही उचलताय. मुलगी हे रोज बघतेय. तुम्हाला वाटतं ती पसारा करते, मला वाटतं तिच्या पसाऱ्यातला थोडा भाग तुम्हाला दिलेलं उत्तर आहे, की दादाला नाही तर मला का. आणि सासरचं नाव तर काढूच नका, खुंटीला टॉवेल लावायचा तो टॉवेल वाळावा म्हणून, सासूसाठी नाही. खुंट्या आणताना डझनभर आणा, चार त्याच्या बाजूला ठोका, आणि टब पण दोन. त्याचे कपडे पहिले आठ दिवस कुजतील, कुजू दे. यजमानांना सांगा, लाडावली मी एकटीने नाही, आणि खुंट्या ठोकायला ड्रिल तुम्हीच चालवा.

राहिले गणपती, आणि मला वाटतं खरा घोर तुम्हाला हाच आहे. जाऊबाई मुंबईहून येणार आणि खोली बघून काहीतरी बोलणार. घरात सारवण-रंगरंगोटी झालेली, मखर सजलेलं, आणि मधेच ही खोली. कळतं मला. पण तिच्या बाजूने बघा, वर्षभर तिची असलेली एकच जागा गणपतीत चार माणसांना द्यायची, तिने कुठे झोपायचं ते कुणी विचारलेलं नाही, गेल्या वर्षी चुलत भावंडांनी तिचं काय काय उघडून बघितलं असेल देव जाणे. दिरांनी तिकीट दोन महिने आधी काढलं असेल ना रेल्वेचं? मग तिला पण तेवढं आधी सांगायला हवं होतं. अजून तीन आठवडे आहेत, बसून विचारा: "काकाकाकू येणार आहेत, तुझी खोली हवीय पाच दिवस, देशील का, आणि तुला त्या बदल्यात काय हवं?" ती काहीतरी मागेल, बहुतेक फार मोठं नसेल. माझ्याकडून एक सुचवते, माळ्यावर जुनी ट्रंक असेल तर उतरवून, पुसून, दोन दिवस उन्हात नाहीतर चुलीजवळ ठेवून तिला द्या, कुलपासकट, आणि किल्ली एकच, ती तिच्याकडे. जे कुणी बघायला नको ते ती त्यात घालेल, बाकीची खोली मग ती स्वतःच मोकळी करेल, कारण आता काही लपवायचं उरणार नाही. तो जळलेला खोका भरून येणार नाही याने, पण पुन्हा जळणार नाही एवढं तिला कळेल.

जाऊबाई बोलल्याच तर म्हणा, "अकरावीला आहे हो, आमच्याच्याने एवढंच होतं," आणि मोदकाच्या उकडीकडे वळा. त्या पण घरी जाऊन आपल्या पोराच्या खोलीचं दार लोटूनच घेत असणार.

एकच गोष्ट गंभीरपणे बघून ठेवा. आधी नीटनेटकं राहणारं पोर अचानक सगळं सोडून देतं, आंघोळ टाळतं, मैत्रिणींचे फोन घेत नाही, जेवण कमी, दिवसा पण अंथरुणात, आवडायचं तेही नको, असं दोन-तीन आठवडे चाललं तर तो पसारा नाही, मन बरं नाहीये. तुमच्या पत्रावरून तसं दिसत नाही, ती क्लासला जातेय, जेवतेय, फक्त तुमच्यावर रुसलीये. पण तसं काही वाटलंच तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं, आणि जिल्हा रुग्णालयात डॉक्टरला दाखवायला लाजू नका.

बाकी टॉवेलचं काय करायचं ते राहिलंच. खुंटीला लावला तरी या हवेत तो संध्याकाळपर्यंत दमटच राहणार, आणि मग ती म्हणेल बघ, खुंटीचा काय उपयोग. मुलं तान्ही असताना लंगोट वाळवायला शेगडीवर उपडं घालायचात ते बांबूचं डालगं आठवतंय? माळ्यावर ट्रंकेच्या शेजारीच असेल. ट्रंक उतरवाल तेव्हा तेही खाली काढा.